फ्लॅश मारत नाही, तेव्हा

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, महाराज बाड्याला लागून असलेल्या सराफा बाजारात धनत्रयोदशीच्या आधीचे दिवस फोटोंच्या धांदलीचे असतात. नवा माल काउंटरवर मांडण्याआधीच गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर पोहोचलेला हवा. दुकानाच्या माडीवर टेबल लागते, त्यावर काळे अॅक्रिलिक, अॅक्रिलिकवर ठुशी नाहीतर तोड्यांचा जोड, बाजूला सॉफ्टबॉक्स लावलेला फ्लॅश आणि समोर ट्रायपॉडवर कॅमेरा. दागिने तिजोरीतून वजन करून बाहेर आलेले असतात आणि वजन करूनच आत जायचे असतात. मधला वेळ काय तो फोटोग्राफरचा. नेमके तेव्हाच शटरचा आवाज येतो आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर काळा चौकोन उमटतो. फ्लॅश मारलेलाच नसतो.

मग धावपळ सुरू होते. फ्लॅश चार-पाच वेळा काढून घातला जातो, सेल बदलले जातात, मेनूतल्या सगळ्या खिडक्या उघडून बंद केल्या जातात. एवढे सगळे एकदम बदलल्यावर फ्लॅश चालू झालाच, तरी कशामुळे चालू झाला ते कळत नाही आणि दुसऱ्या दिवशी तोच प्रकार पुन्हा घडतो. ‘फ्लॅश गेला’ असे म्हणून नवा आणला, तर कधी कधी तोही मारत नाही. अशा तक्रारींत दोष बऱ्याचदा फ्लॅश आणि कॅमेरा यांच्या मधल्या जोडात सापडतो: शू, फ्लॅशचा पाय, वायर, रेडिओ ट्रिगर किंवा मेनूतली एखादी ओळ. हा जोड क्रमाने तपासायचा आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. घाईच्या दिवशी हे नको वाटते, पण दोष लवकर सापडतो तो याच रस्त्याने.

त्यासाठी जोडाची रचना आधी डोळ्यांपुढे हवी. कॅमेऱ्याच्या डोक्यावर धातूची जी खाच असते ती हॉट शू. तिची मापे आयएसओ ५१८ या मानकाने ठरलेली आहेत, म्हणून एका कंपनीचा फ्लॅश दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्यावर निदान बसतो तरी. खाचेच्या मध्यभागी एक मोठा गोल ठिपका दिसतो. शटर पूर्ण उघडले, की कॅमेरा तो ठिपका आणि बाजूची धातूची पट्टी क्षणभर आतून जोडतो. तेवढ्या जोडणीवर फ्लॅश उडतो. बाजूची पट्टी ही या सर्किटची दुसरी वायरच आहे. ती केवळ फ्लॅश धरून ठेवण्यासाठी आहे असे समजून तिच्याकडे दुर्लक्ष होते. मधल्या ठिपक्याभोवतीचे बारीक ठिपके प्रत्येक कंपनीचे निराळे. फ्लॅश किती जोराने मारायचा, लेन्स किती मिलिमीटरवर आहे, फ्लॅश चार्ज झाला का, ही देवाणघेवाण त्यांच्यावरून चालते. टीटीएल म्हणतात ते आपोआप मोजमाप यांच्याच भरवशावर.

म्हणजे तक्रारी दोन जातींच्या. फ्लॅश अजिबात उडत नाही ही एक. उडतो, पण भलत्याच जोराने किंवा भलत्या वेळी उडतो, ही दुसरी. पहिलीत मधला ठिपका आणि पट्टी संशयित. दुसरीत बारीक ठिपके आणि सेटिंग.

पहिली चाचणी फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवून करायची. फ्लॅशच्या पाठीवर ‘टेस्ट’ किंवा ‘पायलट’ असे बटण असते. बऱ्याच मॉडेलांत चार्ज झाल्याचा दिवा आणि हे बटण एकच असते. दिवा लागल्यावर ते दाबले आणि फ्लॅश उडाला, तर ट्यूब, आतला कपॅसिटर आणि सेल यांच्यावरचा संशय जवळजवळ संपला. नाही उडाला, तर आधी सेल. चारही सेल एकाच जातीचे, एकाच वेळी चार्ज केलेले असावेत. रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड सेलवर १.२ व्होल्ट लिहिलेले असते आणि साध्या अल्कलाइनवर १.५, त्यामुळे अल्कलाइन जास्त ताकदीचे वाटतात. प्रत्यक्षात रिचार्जेबल सेल एकदम जास्त करंट देऊ शकतात आणि फ्लॅश त्यांच्यावर लवकर चार्ज होतो. नवे-जुने किंवा दोन जातींचे सेल एकत्र घालू नयेत. झाकणाच्या आतल्या पट्ट्यांवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली, तर सेल कधीतरी फुटून गळालेला आहे. तो थर काढल्याशिवाय पुढच्या कुठल्याही चाचणीला अर्थ नाही.

याच चाचणीची दुसरी बाजू म्हणजे तोच फ्लॅश दुसऱ्या कॅमेऱ्यावर आणि दुसरा फ्लॅश याच कॅमेऱ्यावर लावून पाहणे. सराफ्यासारख्या बाजारात शेजारच्या माडीवरही कुणाचे तरी शूटिंग चालू असते, तेव्हा दुसरा कॅमेरा मिळणे कठीण नाही. फक्त तो त्याच कंपनीचा असावा, नाहीतर बारीक ठिपक्यांचा घोळ वाढतो.

फ्लॅश स्वतः बरा आहे असे ठरले, की मेनू. कॅननच्या कॅमेऱ्यांत बाहेरच्या फ्लॅशच्या पानावर ‘फ्लॅश फायरिंग’ अशी ओळ असते. ती ‘डिसेबल’वर गेली असेल तर जगातला कुठलाही फ्लॅश मारणार नाही. ‘फ्लॅश ऑफ’च्या चिन्हावर डायल सरकली असेल तरी तेच. मिररलेस कॅमेऱ्यांत सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट सायलेंट शटर. सोनी ए७ ३ किंवा निकॉन झेड६ सायलेंटवर असला, की शूवरचा फ्लॅश उडत नाही. त्यात बिघाड काहीच नसतो. इलेक्ट्रॉनिक शटर चित्र ओळीओळीने वाचते, सगळी चौकट एकाच क्षणी उघडी नसते, म्हणून कंपनीनेच फ्लॅश बंद ठेवलेला असतो. आदल्या दिवशी गाण्याच्या बैठकीत आवाज नको म्हणून सायलेंट लावायचे आणि दुसऱ्या दिवशी दागिन्यांच्या टेबलावर फ्लॅशला दोष द्यायचा, हे सहज घडते. (निकॉन झेड९मध्ये यांत्रिक शटरच नाही, तरीही त्यावर फ्लॅश चालतो, कारण त्याचा सेन्सर चौकट फार वेगाने वाचतो. तो अपवाद धरावा.) कॅननच्या ६डी, ५डी मार्क ३ यांसारख्या डीएसएलआरमध्ये याचा चुलत भाऊ आहे: लाइव्ह व्ह्यूमधले ‘सायलेंट एलव्ही शूटिंग’. ते चालू असताना कॅननेतर फ्लॅश मारत नाही. दागिन्यांचे फोटो बारकाईने फोकस करायला लाइव्ह व्ह्यूमध्येच काढले जातात, त्यामुळे ही ओळ ‘डिसेबल’ करून ठेवावी.

आता ज्या कॅमेऱ्यांनी लहान गावांतल्या आणि नवख्या फोटोग्राफरांना खरेच बुचकळ्यात टाकले, त्यांच्याकडे वळू. २०१८ साली कॅननने १५००डी आणि ३०००डी ही स्वस्तातली मॉडेले आणली, पुढच्या वर्षी २००डी मार्क २. तिन्ही कॅमेऱ्यांच्या हॉट शूवर नीट पाहिले तर बारीक ठिपके जागेवर आहेत, मधला मोठा ठिपका मात्र नाही. जिथे तो असायला हवा तिथे नुसते सपाट काळे प्लास्टिक. पडलेला किंवा झिजलेला नव्हे, कंपनीने तो बसवलेलाच नाही. हे ठाऊक नसले तर माणूस स्पिरिटने शू पुसत बसतो.

याचा परिणाम सरळ आहे. ज्या फ्लॅशच्या पायाला फक्त मधली एकच पिन आहे, तो या कॅमेऱ्यांवर उडणार नाही. गोडॉक्स टीटी६०० आणि योंगनुओ वायएन-५६० हे भारतात खूप खपलेले मॅन्युअल फ्लॅश याच जातीचे आहेत. एकाच पिनेचे साधे रेडिओ ट्रिगरही याच कारणाने गप्प राहतात, आणि जुन्या स्टुडिओतला शूवर लावायचा सिंक-केबलचा अडॅप्टरही. अनेकांचा पहिला कॅमेरा १५००डी आणि पहिला फ्लॅश टीटी६०० असतो. दोन्ही कोरे, दोन्ही निर्दोष, आणि जोडी मात्र जमत नाही. दुकानदार फ्लॅश बदलून देतो, तोही मारत नाही, मग कॅमेरा सर्व्हिस सेंटरला जातो. एवढी पायपीट वाचवायला शूकडे पाच सेकंद बघणे पुरे.

यातून मार्ग आहे. या कॅमेऱ्यांना बारीक ठिपक्यांवरून कॅननची भाषा बोलणारे उपकरण लागते: कॅननचा स्वतःचा स्पीडलाइट, किंवा कॅननसाठीचा ई-टीटीएल फ्लॅश वा ट्रिगर. गोडॉक्सच्या कॅननसाठीच्या ट्रिगरांच्या नावाला शेवटी ‘सी’ असते. असा ट्रिगर कॅमेऱ्यावर लावला, की हातातला टीटी६०० टेबलाच्या बाजूला स्टँडवर रेडिओने उडवता येतो, म्हणजे तो वाया जात नाही. दागिन्यांसाठी तर फ्लॅश बाजूलाच हवा. एक खबरदारी मात्र घ्यावी. ट्रिगर आपल्या मॉडेलला चालतो का, हे कंपनीच्या यादीत मॉडेलच्या नावानिशी पाहावे आणि ट्रिगरचे फर्मवेअर ताजे असावे. ‘सगळ्या कॅननला चालतो’ या तोंडी हमीवर जाऊ नये.

नव्या मिररलेसमध्ये शूची आणखी एक जात आली आहे. कॅननने २०२१ साली आर३पासून ‘मल्टी-फंक्शन शू’ सुरू केला, त्याचे जास्तीचे बारीक संपर्कबिंदू खाचेच्या पुढच्या टोकाशी दडलेले असतात. सोनीने तशीच रचना २०१२मध्येच आणली होती. तिथे धूळ साचली तर स्पर्श तुटतो, फ्लॅश तिरका घुसवला तर बिंदू वाकतात, आणि ते सरळ करणे घरचे काम नव्हे. २०१२च्या आधीच्या बऱ्याच सोनी आणि मिनोल्टा फ्लॅशचा पाय तर अगदीच निराळा. त्यांना अडॅप्टर लागतो. नवा कॅमेरा घेऊन जुना फ्लॅश वापरायचा असेल, तर शूचे नाव विचारूनच व्यवहार करावा.

मेनू ठीक, शू जुळणारा, तरी फ्लॅश मारत नाही किंवा मधूनच मारतो. इथे बोटांनी आणि डोळ्यांनी करायचे काम सुरू होते.

फ्लॅशचा पाय खाचेत पुढे टेकेपर्यंत सरकवावा आणि मगच कुलूप लावावे. निकॉनच्या फ्लॅशखाली एक छोटी पिन बाहेर येऊन कॅमेऱ्याच्या भोकात बसते, तिचा ‘टक्’ ऐकू आला पाहिजे. मिलिमीटरभर मागे राहिलेला पाय डोळ्यांना बसलेला दिसतो, पण पिन ठिपक्याच्या काठावर असते. कॅमेरा आडवा धरला असताना फ्लॅश मारतो आणि उभा फोटो घेताना चुकतो, ही तक्रार जवळजवळ नेहमी इथलीच. कॅमेरा उभा झाला, की फ्लॅशचे सगळे वजन पायाच्या एका कडेवर येते, पाय केसभर कलतो आणि दुसऱ्या कडेचा स्पर्श सुटतो. टेबलावरच्या हारांचा वरून खाली फोटो घेताना कॅमेरा तोंड खाली करून लटकतो, तेव्हा ट्रिगरचेही असेच होते. फ्लॅश हळूच हलवून पाहावा. फ्लॅश पायात डुलतो आहे, की शूच कॅमेऱ्यावर डुलतो आहे, हे बोटाला लगेच कळते. बऱ्याच कॅमेऱ्यांत शू चार बारीक स्क्रूंनी बसवलेला असतो आणि वजनदार फ्लॅश वर्षानुवर्षे लावून ते ढिले पडतात. दुरुस्ती छोटीच असते, पण जाणत्या हातूनच करून घ्यावी.

नंतर सफाई. सराफ्यातल्या माणसाला सोने गंजत नाही हे सांगायला नको, आणि चांगल्या फ्लॅशच्या पिनांवर सोन्याचा मुलामा चढवतात तो त्याचसाठी. तरी त्या मुलाम्यावर घामाचा आणि धुळीचा पापुद्रा बसतोच. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि लूबरोबर बारीक धूळ घरात शिरते. मागच्या खोलीत दागिने घडवण्याचे काम चालत असेल, तर पॉलिशची लाल पूड आणि टाकणखाराचे कण हवेत असतातच. हे सगळे शूच्या खाचेत बसते, कारण खाच वर तोंड करून उघडी असते.

सफाई करताना फ्लॅश आणि कॅमेरा बंद, दोन्हींच्या बॅटऱ्या बाहेर. आधी ब्लोअरने धूळ उडवावी, तोंडाने फुंकू नये, थुंकीचे थेंब जातात. मग इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घ्यावे, काडी ओलसर असावी, टपकणारी नव्हे. मधला ठिपका, बारीक ठिपके, पायाच्या पिना पुसाव्यात. आणि जे बहुतेक जण विसरतात ते करावे: दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांच्या खालच्या कडा पुसाव्यात, कारण परतीची वाट तिथूनच आहे. पट्टीवर रंगाचा थर असेल, चिकटपट्टीचा गोंद राहिला असेल किंवा कॅमेरा समतल आहे का ते दाखवणाऱ्या प्लास्टिकच्या टोपणाचा तुकडा अडकला असेल, तर ती वाट बंद होते. हट्टी डागाला मऊ खोडरबर एकदा-दोनदा फिरवून त्याचा चुरा ब्लोअरने काढावा. पॉलिश पेपर, चाकूचे पाते किंवा दारे-खिडक्यांना मारायचा गंजनाशक फवारा वापरू नये. मुलामा गेला, की खालचा धातू काळा पडायला वेळ लागत नाही.

शूच्या एका पट्टीखाली काही कॅमेऱ्यांत अगदी छोटा स्विच लपलेला असतो. बाहेरचा फ्लॅश लागला आहे, हे कॅमेऱ्याला तो सांगतो. तो धुळीने किंवा होळीच्या गुलालाने दाबलेलाच राहिला, तर शू रिकामा असूनही कॅमेऱ्याला फ्लॅश लागल्याचा भास होतो आणि स्वतःचा पॉप-अप फ्लॅश उघडत नाही. पॉप-अप उघडत नसल्याची तक्रार आली, तर आधी या पट्टीखाली ब्लोअर मारावा, बंद फ्लॅशचा पाय चार-सहा वेळा आत-बाहेर सरकवावा. बऱ्याचदा स्विच सुटतो.

रेडिओ ट्रिगरवर काम करणाऱ्यांचा प्रश्न थोडा वेगळा. कॅमेऱ्यावरच्या ट्रिगरचे टेस्ट बटण दाबले आणि लांबचा फ्लॅश उडाला, तर रेडिओ ठीक आहे, दोष शूमध्ये शोधावा. बटणावरही उडाला नाही, तर दोष हवेतल्या जोडात. ही एक चाचणी निम्मे काम वाचवते. गोडॉक्सच्या २.४ गिगाहर्ट्झ यंत्रणेत ३२ चॅनेल आहेत, गट आहेत आणि त्याशिवाय ०१ ते ९९ असा आयडी क्रमांक. तिन्ही जुळले पाहिजेत. चॅनेल जुळवून आयडी विसरला, की ट्रिगर पकडत नाही आणि माणूस चॅनेलच तपासत राहतो.

वायफायही याच २.४ गिगाहर्ट्झवर चालते. दुकानाला दुकान लागलेल्या बाजारात प्रत्येक दुकानाचा राउटर आणि बाहेर गर्दीतले ब्लूटूथ इयरफोन. लहरींचा हा कल्लोळ एका गल्लीत मावतो. फ्लॅश दहापैकी तीनदा चुकतो आणि घरी नेल्यावर एकदाही चुकत नाही, असे झाले तर संशय यावरच घ्यावा. गोडॉक्सच्या मेनूत ‘स्कॅन’ आहे, ते मोकळे चॅनेल शोधून देते. दुसरी खाचखळग्याची जागा म्हणजे अंतर. गोडॉक्सच्या एक्सप्रो ट्रिगरमध्ये अंतराची दोन सेटिंगे आहेत, ०-३० मीटर आणि १-१०० मीटर. दागिन्याच्या टेबलावर फ्लॅश ट्रिगरपासून हातभरही लांब नसतो, आणि १-१०० मीटरवर ठेवलेला ट्रिगर इतक्या जवळ चुकू शकतो. सेटिंग ०-३०वर आणावे. स्वस्त जुन्या ट्रिगरांत १२ व्होल्टची छोटी २३ए बॅटरी असते. ती उतरत आली तरी ट्रिगरचा लाल दिवा लागतो म्हणून ती जिवंत वाटते, पण लहर फार लांब पोहोचवण्याइतकी ताकद तिच्यात उरलेली नसते.

लांबचा फ्लॅश रेडिओऐवजी दुसऱ्या फ्लॅशच्या उजेडाने उडवत असाल, तर त्या फ्लॅशवरच्या एस१ आणि एस२ या दोन सेटिंगांतला फरक लक्षात ठेवावा. टीटीएल फ्लॅश खऱ्या उजेडाआधी एक बारीक चमक टाकून अंदाज घेतो. एस१वरचा फ्लॅश त्या पहिल्या चमकेलाच उडून जातो आणि फोटोच्या वेळी रिकामा असतो. डोळ्यांना तो उडालेला दिसतो, चित्रात मात्र नसतो. अशा वेळी एस२.

स्टुडिओचे मोठे दिवे अजून केबलवर चालवणारेही आहेत. कॅमेऱ्याच्या बाजूचा छोटा गोल पीसी सॉकेट प्रॉन्टर आणि कॉम्पुर या जर्मन शटरांच्या नावांवरून ओळखला जातो. त्याची पकड मुळातच नाजूक, आणि केबल बाहेरून धडधाकट दिसत असली तरी प्लगच्या मानेशी आतून तुटते. मल्टिमीटर ‘बीप’वर ठेवून दोन्ही टोके तपासताना केबल मानेपाशी वाकवत राहावी; बीप मधेच तुटला, की चोर सापडला.

फ्लॅश उडतो, पण चित्राच्या एका कडेला काळा पट्टा येतो, ही जोडाची तक्रार नव्हे. शटरचा वेग कॅमेऱ्याच्या सिंक वेगापेक्षा जास्त ठेवला आहे. १५००डीवर ही मर्यादा १/२०० सेकंद, सोनी ए७ ३वर १/२५०. साध्या ट्रिगरवर थोडा उशीर होतो, म्हणून पट्टा पुसट दिसला तर वेग १/१६०वर आणून पाहावे. याच्या जोडीला एक चाचणी दागिन्यांच्या शूटिंगला फार उपयोगी पडते. १/१६० सेकंद, एफ/११, आयएसओ १०० असे ठेवून फ्लॅश बंद करून एक फोटो घ्यावा. तो जवळजवळ काळा आला पाहिजे. आला नाही, तर दुकानाचे पिवळे एलईडी सोन्यावर पडताहेत आणि फ्लॅश उडाला तरी रंग बिघडणार आहे.

लग्नसराईत जोड बरा असूनही फ्लॅश चुकतो तो निराळ्या कारणाने. मंगलाष्टकांचे शेवटचे ‘सावधान’ झाले, आंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, आणि फोटोग्राफर बटणावर बोट दाबून बसला. पूर्ण ताकदीवर एकदा मारलेल्या फ्लॅशला पुन्हा चार्ज व्हायला तीन-चार सेकंद लागू शकतात, आणि फार तापला की तो स्वतःच वेग कमी करतो. अशा क्षणासाठी ताकद १/४ किंवा १/८वर आणून आयएसओ वाढवावा.

जुन्या घरांच्या ट्रंकांत आजोबांचा फ्लॅश सापडतो आणि तो नव्या कॅमेऱ्यावर लावण्याचा मोह होतो. इथे मात्र थांबावे. त्या काळच्या कॅमेऱ्यांत शूचा स्पर्श यांत्रिक असे, त्याला व्होल्टेजची पर्वा नव्हती. व्हिव्हिटार २८३च्या सुरुवातीच्या फ्लॅशवर ट्रिगरचे व्होल्टेज २००च्या वर मोजले गेले आहे. आयएसओ १०३३० या मानकाप्रमाणे कॅमेऱ्याने निदान २४ व्होल्ट सोसले पाहिजेत. काही कॅमेरे २५०पर्यंत सोसतात, सगळे नाही. निकॉन तर उलट्या ध्रुवाच्या व्होल्टेजबद्दलही बजावते. फ्लॅश पूर्ण चार्ज करून, मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून, पायाची मधली पिन आणि बाजूची धातूची कड यांच्यात मोजावे. आकडा कॅमेऱ्याच्या पुस्तिकेतल्या मर्यादेपेक्षा जास्त असेल, किंवा पुस्तिकेत मर्यादाच दिलेली नसेल, तर तो फ्लॅश शूवर लावू नये. रेडिओ रिसीव्हरवर लावण्याआधी रिसीव्हरचीही मर्यादा पाहावी.

घरी कोणत्याही परिस्थितीत करायचे नाही ते एक: फ्लॅश उघडणे. आतला कपॅसिटर ३०० व्होल्टच्या आसपास चार्ज असतो आणि सेल काढून ठेवल्यावरही बराच वेळ तसाच राहतो. त्याचा झटका हात भाजवतो आणि जिवावरही बेतू शकतो. पाय तुटला, ट्यूब काळी पडली, आतून करकर आवाज किंवा जळका वास आला, तर पुढचे काम दुरुस्ती करणाऱ्याचे.

त्याच्याकडे जाताना ‘चालत नाही’ एवढेच सांगितले, तर त्याला सगळ्या चाचण्या पुन्हा कराव्या लागतात. एका कागदावर लिहून न्यावे: टेस्ट बटणावर उडतो की नाही, दुसऱ्या कॅमेऱ्यावर उडतो की नाही, नेहमी चुकतो की कॅमेरा उभा धरल्यावरच, सेल कोणते, ट्रिगर कोणता, कॅमेऱ्याचे पूर्ण मॉडेल कोणते. आणि फ्लॅश एकटा नेऊ नये. कॅमेरा, ट्रिगर, केबल, तेच सेल, सगळे एका पिशवीत असावे, कारण टेबलावर जो जोड चुकत होता तोच त्याला समोर जुळवून पाहायचा असतो.